नवा राऊटर, जुना फोन आणि ‘पासवर्ड तर बरोबरच आहे’

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नोकरीनिमित्त पुण्यात, आईबाबा जुळे सोलापुरात. केबलवाल्याने मागच्या महिन्यात जुना राऊटर काढून नवा, दोन बँडचा (म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालणारा) राऊटर बसवून दिला. आईचा नवा फोन, घरचा टीव्ही, शेजारच्या मुलाचा लॅपटॉप, सगळं जोडलं जातं. फक्त बाबांचा सॅमसंग गॅलेक्सी जे२ जोडला जात नाही. तो पासवर्ड विचारतो, थोडा वेळ ‘कनेक्टिंग’ दाखवतो, मग ‘ऑथेंटिकेशन एरर’ म्हणतो किंवा नुसतं ‘सेव्ह्ड’ लिहून गप्प बसतो. पासवर्ड चार वेळा तपासला. जवळच्या दुकानात दाखवला तर “वायफाय आयसी गेलाय, फोनच बदला” असं सांगितलं. खरंच फोन बदलावा का?

नाही. निदान अजून तरी नाही. मी सोलापुरात फोन दुरुस्तीबरोबर घरोघरी राऊटर लावून देण्याचंही काम करतो, आणि या वर्णनावरून माझा पहिला संशय फोनवर नाही, राऊटरवर जातो. फोन आहे तसाच आहे, बदललाय तो राऊटर. आयसी म्हणजे फोनमधली वायफायची चिप. तो खरोखर गेला असता तर पासवर्ड विचारण्यापर्यंत गाडी सहसा पोचत नाही. वायफायचं बटणच करडं पडतं, किंवा यादीत एकही नाव येत नाही. जे२ला शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं दिसतायत ना? मग आयसी जिवंत आहे असं धरून चालू.

आता एक विनंती. फॅक्टरी रिसेट करू नका. लोक पहिला तोच मारतात, मग बाबांचे नंबर आणि फोटो जातात आणि वायफाय होतं तिथंच राहतं.

फोन कुठल्या पायरीवर अडतोय

वायफाय जोडणं म्हणजे एका झटक्यात होणारं काम नाही. आधी फोनला नेटवर्कचं नाव दिसतं. मग पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार जुळतो का हे फोन आणि राऊटर आपसात तपासतात. जुळलं की राऊटर फोनला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, देतो. त्यानंतर प्रत्यक्ष इंटरनेट सुरू होतं. फोनवरचा संदेश तो कुठं थांबला हेच सांगत असतो, पण आपण तो वाचत नाही, “वायफाय लागत नाही” एवढंच सांगतो.

नावच दिसत नसेल तर बँड किंवा चॅनलचा (बँडमधल्या एखाद्या पट्टीचा) प्रश्न. ‘ऑथेंटिकेशन’ हा शब्द आला तर पासवर्ड किंवा सुरक्षेचा प्रकार. ‘ऑब्टेनिंग आयपी अ‍ॅड्रेस’ म्हणत फिरत राहिला तर पासवर्ड मान्य झालाय, पुढं पत्ता मिळत नाहीये. ‘कनेक्टेड’ लिहून आलं तरी काही उघडत नसेल तर वायफायचा काही दोष नाही, भानगड त्याच्या पलीकडं आहे. तुमच्या बाबांच्या फोनवर ‘ऑथेंटिकेशन एरर’ येतंय, म्हणजे तो दुसऱ्या पायरीवर अडलाय. खालचं बरंचसं त्याच पायरीबद्दल आहे. बाकीच्या पायऱ्यांचं मी थोडक्यात आवरतो.

आधी हॉटस्पॉटची परीक्षा

आईच्या नव्या फोनचा हॉटस्पॉट चालू करायला सांगा. पासवर्ड साधा ठेवा, नुसती आठ लहान इंग्रजी अक्षरं. सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए२-पर्सनल’ (वायफायच्या कुलपाची एक पिढी, खाली सांगतो) आणि बँड २.४ गिगाहर्ट्झ निवडा. हे दोन्ही न पाहता हॉटस्पॉट लावला तर परीक्षेला अर्थ उरत नाही, कारण हल्लीचे काही फोन हॉटस्पॉटलाही ५ गिगाहर्ट्झ किंवा डब्ल्यूपीए३ लावून ठेवतात. आयफोन १२ किंवा त्यानंतरचा असेल तर ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ चालू करा, म्हणजे तो २.४ वर येतो.

आता बाबांचा फोन या हॉटस्पॉटला जोडून पाहा. जोडला गेला तर फोन निर्दोष, दुकानदाराचं निदान बाद, आणि इथून पुढं फक्त राऊटर बघायचा. नाही जोडला गेला तर अडचण फोनमध्ये आहे, त्याचं शेवटी बोलू. दुरुस्तीला फोन आला की मीही सगळ्यात आधी हेच करतो. उघडायची वेळ त्यानंतर.

पासवर्ड: ‘बरोबर आहे’ म्हणजे किती बरोबर

कोणाच्या सांगण्यावर अविश्वास नाही, पण ‘पासवर्ड बरोबर आहे’ हे वाक्य मी रोज ऐकतो आणि त्यातल्या बऱ्याच वेळा तो बरोबर नसतो. मागं पूर्व भागातले एक काका आले होते, यंत्रमागावरून थेट दुकानात, शर्टाला सुताचे कण चिकटलेले. “पासवर्ड बरोबरच हाय की ओ, पोरानं लिहून दिलाय,” म्हणून त्यांनी कागद दाखवला. कागदावरचा बरोबरच होता. फोनवर मी ‘शो पासवर्ड’वर टिक केली तर शेवटचे आकडे ‘१२३’ असे उमटलेले, आपले मराठी आकडे. काकांच्या फोनमध्ये कुठला तरी मराठी कीबोर्ड घातलेला, तो पासवर्डच्या रकान्यातही मराठीच राहत होता. माणसाला दोन्ही एकशेतेवीसच दिसतात, पण राऊटरच्या लेखी देवनागरी १ आणि इंग्रजी 1 ही दोन वेगळी चिन्हं आहेत, आणि वायफायचा पासवर्ड इंग्रजी कीबोर्डवरच्या चिन्हांतच असावा लागतो. कीबोर्ड बदलला, फोन लागला. काकांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच आधी काहीतरी करून ठेवलं होतं.

तेव्हा बाबांना फोनवर सांगताना “पासवर्ड टाका” एवढ्यावर थांबू नका. आधी कीबोर्ड इंग्रजी करायला लावा. मग ‘शो पासवर्ड’वर टिक करायला सांगा आणि जे दिसतं ते एकेक अक्षर वाचून घ्या. पहिलं अक्षर आपोआप मोठं झालंय का? शेवटी रिकामी जागा राहिलीय का? शब्द सुचवणारे कीबोर्ड शब्दामागं एक रिकामी जागा चिकटवतात, ती दिसत नाही पण मोजली जाते. शून्य आणि ओ, एक आणि लहान एल, मोठा आय आणि लहान एल हे तर नेहमीचेच. राऊटरच्या खालच्या स्टिकरवरून पासवर्ड वाचत असाल तर ही जोडी हमखास फसवते, कारण त्या छपाईत ती अक्षरं सारखीच दिसतात.

लांबून खात्री करायची आणखी एक पक्की युक्ती आहे. आईचा फोन अँड्रॉईड १० किंवा पुढचा असेल तर वायफायच्या सेटिंगमध्ये घरच्या नेटवर्कवर गेल्यावर ‘शेअर’ किंवा क्यूआर कोड दाखवायचा पर्याय असतो. त्याचा स्क्रीनशॉट आईकडून मागवा आणि तुमच्या फोनवर क्यूआरमधला मजकूर जसाच्या तसा दाखवणाऱ्या स्कॅनरने वाचा. त्यात ‘पी’ या अक्षरापुढं पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला मिळेल. काही फोनवर तो क्यूआरच्या खालीच छापलेला असतो. त्याच ओळीत ‘टी’ या अक्षरापुढं सुरक्षेचा प्रकारही असतो. तिथं ‘एसएई’ दिसलं तर तुमचा राऊटर डब्ल्यूपीए३ वापरतोय, आणि रोगाचं नाव सापडलं. ‘डब्ल्यूपीए’ दिसलं तर मात्र राऊटर सुटला असं समजू नका, मिश्र पद्धतीतही तेच दिसू शकतं. हा स्क्रीनशॉट म्हणजे घराची किल्ली आहे, सोसायटीच्या ग्रुपवर जाणार नाही एवढं बघा.

राऊटरवर ‘डब्ल्यूपीएस’ लिहिलेलं बटण असेल तर बाबा एकटे घरी असतानाही एक गोष्ट करून पाहता येते. जे२मध्ये वायफायच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ मेनूत ‘डब्ल्यूपीएस पुश बटन’ आहे. ते दाबायचं आणि दोन मिनिटांच्या आत राऊटरवरचं बटण दाबायचं. पासवर्ड टाईप न करता फोन जोडला गेला तर चूक टायपिंगमध्येच होती. नाही जोडला गेला तर त्यावरून काहीच ठरवू नका, कारण डब्ल्यूपीए३ असेल तिथं हे बटण चालत नाही. आणि काम झालं की राऊटरमधून डब्ल्यूपीएस बंद करून टाका. त्यातल्या पिन पद्धतीची कमजोरी २०११ सालीच उघड झाली आहे. नव्या अँड्रॉईडमध्ये ही सोयच ठेवलेली नाही, आयफोनमध्ये ती कधी नव्हतीच.

खरा संशयित: राऊटरमधला सुरक्षेचा प्रकार

पासवर्ड अक्षरन् अक्षर जुळला, हॉटस्पॉटची परीक्षाही पास झाली, तरी घरचं वायफाय लागत नाही. आता इथं या.

वायफायच्या कुलपाच्या आतापर्यंत चार पिढ्या झाल्या. पहिली डब्ल्यूईपी, १९९७ ची. ती कशी फोडायची हे २००१ मध्येच जगाला कळलं. मग २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए२, जे पुढं दीड दशक घराघरांत चाललं. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ जाहीर झालं आणि जुलै २०२० पासून नव्या उपकरणाला वायफायचं अधिकृत प्रमाणपत्र हवं असेल तर डब्ल्यूपीए३ असणं सक्तीचं झालं. म्हणून आता जो नवा राऊटर येतो त्यात ते बहुतेकदा असतं, आणि कधी कधी कारखान्यातून चालू होऊनच येतं.

फोनच्या बाजूला डब्ल्यूपीए३ पोचलं ते २०१९ मध्ये, अँड्रॉईड १० आणि आयओएस १३ बरोबर. बाबांचा जे२ हा २०१५ चा, अँड्रॉईड ५.१ वर चालणारा. त्याला हे कुलूप माहीतच नाही. तुम्ही पासवर्ड कितीही बरोबर टाका, ज्या रीतीने तो तपासला जातो ती रीत फोनला येत नाही. आयफोनवाल्यांचंही तेच: आयफोन ६ आयओएस १२ वरच थांबला, तो या कुलपाला लागणार नाही. यात दुरुस्तीसारखं काही नाही.

बऱ्याच राऊटरमध्ये ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स्ड’ असा मधला पर्याय असतो. कागदोपत्री यात जुने फोनही लागायला हवेत आणि पुष्कळदा लागतात. पण काही जुने फोन या दुहेरी जाहिरातीनेच गोंधळतात. नाव दिसतं, पासवर्ड घेतात आणि ‘सेव्ह्ड’ लिहून बसतात. तुमच्या वर्णनातलं ते ‘सेव्ह्ड’ वाचूनच माझा संशय इथं आला. मिश्र पर्यायाच्या शेजारी ‘पीएमएफ’ किंवा ‘प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स’ असं काही असेल तर तेही बघा. ते ‘रिक्वायर्ड’ असेल तर जुन्या फोनला दार बंद, ‘कॅपेबल’ किंवा ‘ऑप्शनल’ असेल तर उघडं.

आता प्रत्यक्ष काम. आईचा फोन घरच्या वायफायला जोडलेला असताना त्यातल्या ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकायचा. बहुतेकांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरचा १९२.१६८.२९.१. अर्थात पत्ता टाकायचा इंग्रजी आकड्यांत. यांपैकी लागला नाही तर आईच्या फोनवर नेटवर्कच्या तपशिलात ‘गेटवे’ म्हणून जो पत्ता दिसतो तो घ्या. लॉगिनचं नाव आणि पासवर्ड राऊटरच्या स्टिकरवर असतो. हा राऊटरचा पासवर्ड, वायफायचा नव्हे. दोन्हींची गल्लत करून लोक अर्धा तास घालवतात.

आत गेल्यावर ‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’मध्ये २.४ गिगाहर्ट्झचं पान उघडा. ‘सिक्युरिटी’ किंवा ‘ऑथेंटिकेशन’ पुढं ‘डब्ल्यूपीए२-पीएसके’ (म्हणजेच डब्ल्यूपीए२-पर्सनल) निवडा, ‘एन्क्रिप्शन’पुढं ‘एईएस’. जवळच ‘टीकेआयपी’ दिसेल, त्याच्या नादी लागू नका. ते जुनं आणि कच्चं आहे, वर त्याने वेगही पडतो. जे२ला एईएस व्यवस्थित येतं. ५ गिगाहर्ट्झच्या पानाला हात लावायचं कारण नाही, तिथं डब्ल्यूपीए३ असू द्या, आईच्या फोनला तेच चांगलं.

सेव्ह केल्यावर राऊटर वायफाय क्षणभर बंद करून परत सुरू करेल. बाबांच्या फोनवर आधीचं नाव दाबून धरून ‘फरगेट’ करायचं आणि नव्याने पासवर्ड टाकायचा. हे ‘फरगेट’ विसरू नका. जुनी नोंद शिल्लक असेल तर फोन तिच्यावरच अडून बसतो आणि बदल करूनही काही झालं नाही असं वाटतं. नव्या राऊटरला जुन्याच राऊटरचं नाव दिलं असेल तर हा घोळ विशेष होतो.

केबलवाल्याने राऊटरची पानं कुलूपबंद करून ठेवली असतील तर त्याला फोन करा. पण “वायफाय लागत नाही” असं सांगू नका. तो येईल, स्वतःचा फोन जोडून दाखवेल आणि “आमच्याकडून ओके आहे” म्हणून जाईल. त्याला नेमकं सांगा: “२.४ चं नाव वेगळं करा आणि त्याची सिक्युरिटी डब्ल्यूपीए२-पीएसके एईएस ठेवा.” हे काम तो बहुधा ऑफिसात बसूनही करू शकतो.

नाव वेगळं का करायचं

जे२ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. जिओफोनसारखे साधे फोनही तसेच. दोन्ही बँडना एकच नाव असेल तर राऊटर उपकरणांना ५ कडं ढकलायचा प्रयत्न करतो. त्याच्या जाहिरातीत याला ‘स्मार्ट कनेक्ट’ म्हणतात, पण जुन्या फोनबाबत काही राऊटर पहिल्यांदा मुद्दाम उत्तर देत नाहीत, ५ वरून ये म्हणून. फोन बिचारा ५ वर जाणार कसा? म्हणून ‘स्मार्ट कनेक्ट’ बंद करून दोन नावं करा. नाव इंग्रजी अक्षरांत आणि छोटं ठेवा. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी तीन-तीन बाइट खाते. ‘श्री सिद्धेश्वर’ एवढं नावसुद्धा त्यात मावत नाही, आणि जुन्या फोनवर अशा नावांच्या जागी कधी नुसते चौकोन दिसतात.

जुन्या पेठांतल्या दगडी भिंतींच्या घरात तर २.४ ला पर्याय नाही. साखर पेठेतल्या एखाद्या माळवदाच्या घरात ओसरीवर राऊटर असेल तर ५ गिगाहर्ट्झ माजघरापर्यंत पोचतानाच अर्धमेलं होतं. जुळे सोलापुरातल्या स्लॅबच्या घरात एवढा त्रास नाही.

त्याच पानावर ‘मोड’ असतो. तिथं ‘बी/जी/एन मिक्स्ड’ किंवा त्यासारखं काही ठेवा. नुसतं ‘एएक्स’ किंवा वायफाय ६ निवडलेलं असेल तर काही जुन्या उपकरणांना नेटवर्क दिसतच नाही.

चॅनलचंही बघून घ्या, कारण यातून एक विचित्र तक्रार निघते: “काल चालत होतं, लाईट जाऊन आली आणि फोनला नेटवर्कच दिसेना.” राऊटरचा चॅनल ‘ऑटो’वर असेल तर लाईट आल्यावर तो नव्याने चॅनल निवडतो. भारतात २.४ वर १ ते १३ चॅनल वापरायला मोकळीक आहे, अमेरिकेत ११ पर्यंतच वापरतात. बाहेरून आणलेला फोन, किंवा सिम काढून नुसता वायफायवर ठेवलेला जुना फोन, काही वेळा स्वतःला अकरापर्यंतच मर्यादित ठेवतो, कारण आपण कुठल्या देशात आहोत हे त्याला सिमवरूनच कळत असतं. राऊटरने १२ किंवा १३ निवडला की त्याच्या दृष्टीने नेटवर्क गायब. उपाय सोपा: चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एक कायमचा नेमून टाका, आणि ‘बँडविड्थ’ २० मेगाहर्ट्झ ठेवा.

पुढच्या दोन पायऱ्या, झटपट

सुरक्षा बदलल्यावर फोन पुढं सरकला, पण ‘ऑब्टेनिंग आयपी अ‍ॅड्रेस’वर फिरत राहिला, तर नेटवर्कच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘आयपी सेटिंग्ज’ ‘स्टॅटिक’ आहे का बघा. जुन्या राऊटरच्या काळात कोणीतरी तसं करून ठेवलेलं असतं आणि नव्या राऊटरचा पत्ता वेगळा असतो. ‘डीएचसीपी’ करा, म्हणजे राऊटरच पत्ता देईल. राऊटरमध्ये ‘मॅक फिल्टर’ (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा मॅक पत्ता बघून ठराविकांनाच आत घेणारी यादी) चालू असेल तर ते बंद करा. नाहीतर फोनचा मॅक पत्ता यादीत घाला. यापलीकडं या पायरीवर घरच्या राऊटरमध्ये फारसं काही सापडत नाही.

‘कनेक्टेड’ झालं आणि तरीही ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ म्हणून ओरडत असेल तर आधी तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरून कपाटात पडलेले फोन अनेक वर्षं मागच्या तारखेला उठतात आणि मग त्यांना कुठल्याच साईटचं प्रमाणपत्र, म्हणजे ती साईट खरी असल्याचा दाखला, खरं वाटत नाही. तारीख बरोबर असूनही काही साईट उघडत नसतील तर कारण जुन्या अँड्रॉईडमध्ये आहे. लेट्स एन्क्रिप्ट या मोठ्या प्रमाणपत्र संस्थेचं नवं मूळ प्रमाणपत्र ७.१.१ पूर्वीच्या अँड्रॉईडमध्ये नाही, आणि ज्या जुन्या प्रमाणपत्राच्या आधाराने ती उणीव झाकली जायची त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. काही काळ तात्पुरती सोय होती, तीही आता नाही. फायरफॉक्स आपली प्रमाणपत्रं स्वतःबरोबर बाळगतो, त्यामुळं अशा फोनवर चालणारी त्याची जुनी आवृत्ती मिळाली तर घालून पाहण्यासारखी आहे. व्हॉट्सअ‍ॅपने २०२५ च्या सुरुवातीला अँड्रॉईड ४.४ सोडलं आणि ५.० ही किमान पायरी ठेवली. म्हणजे जे२ त्या वेळी काठावर तरला. पुढं कधी बंद होईल, त्याची तयारी मनात असू द्या.

हॉटस्पॉटच्या परीक्षेत नापास झाला तर

तरच फोनकडं वळायचं. सेटिंगमधला नेटवर्क रिसेट करा. सॅमसंगच्या काही जुन्या आवृत्त्यांत हा पर्याय वेगळा नसतो, मग सगळी सेव्ह केलेली नेटवर्कं एकेक करून ‘फरगेट’ करा आणि फोन बंद करून चालू करा. या रिसेटने फोटो, नंबर जात नाहीत, फक्त वायफाय, ब्लूटूथ आणि मोबाईल नेटवर्कच्या सेटिंग जातात. त्यानंतर ‘अबाऊट फोन’मध्ये ‘स्टेटस’खाली वायफायचा मॅक पत्ता दिसतो का बघा. वायफाय चालू असताना तिथं ‘अनअव्हेलेबल’ असेल तर दुकानदाराचं म्हणणं खरं निघण्याची शक्यता आहे.

आणखी एक शक्यता दुकानात विचारून घ्या. फोनला राऊटरच्या अगदी शेजारीच रेंज मिळते आणि चार पावलं मागं आलं की जाते, असं होतंय का? तसं असेल तर आयसी नाही, अँटेनाचा संपर्क सुटलाय. मागचं झाकण किंवा बॉडी बदलताना आतली छोटी पत्री वाकते. ती सरळ करणं फार मोठं काम नाही. आयसी खरोखर गेला असेल तर मात्र जे२सारख्या फोनवर तो खर्च करू नका. कोणी गरम हवा मारून ‘चालू करून देतो’ म्हणालं तर चालू होईलही, पण एप्रिल-मेचं आपलं ऊन तो जोड फार दिवस टिकू देत नाही.

बाबांसाठी मी काय केलं असतं

सगळं घर डब्ल्यूपीए२ वर आणण्यापेक्षा राऊटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय आहे का ते बघा. असेल तर ते फक्त २.४ वर, डब्ल्यूपीए२-पीएसके एईएस, वेगळ्या पासवर्डने चालू करा आणि बाबांचा फोन त्यावर ठेवा. गेस्टवरची उपकरणं सहसा घरातल्या बाकीच्या उपकरणांपासून वेगळी राहतात. जे२ला सुरक्षेचे अपडेट येणं कधीच थांबलंय. डब्ल्यूपीए२ मधली क्रॅक नावाची त्रुटी ऑक्टोबर २०१७ मध्ये समोर आली, तिच्यावरचं औषधही अशा अनेक जुन्या फोनना मिळालं नाही. कीर्तन-भजन, बातम्या, नातवंडांशी व्हिडिओ कॉल यासाठी हरकत नाही. बँकेचं अ‍ॅप आणि यूपीआय आईच्या फोनवर असू द्या.

एक मात्र करू नका: बाबांची सोय म्हणून पासवर्ड काढून वायफाय उघडं ठेवणं, किंवा डब्ल्यूईपी लावणं. असं करून ठेवलेली घरं मी पाहिली आहेत, आणि मग महिन्याचा डेटा कोण संपवतंय याचा शोध अख्ख्या गल्लीत चालतो.

एवढं करूनही अडलं तर मला तीन गोष्टी कळवा: बाबांच्या फोनवर येणारा संदेश जसाच्या तसा, हॉटस्पॉटच्या परीक्षेचा निकाल, आणि राऊटरच्या २.४ च्या सुरक्षेच्या पानाचा फोटो, त्यातला पासवर्ड झाकून.